सगळी बिलं भरल्यावर उरतं ते कुणाचं? हातखर्चाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पगार झाला, घरभाडं गेलं, गाडीचा हप्ता गेला, आरडी (दरमहा ठराविक रक्कम भरायची ठेव) भरली. आता खात्यात दिसणाऱ्या रकमेतली किती आपल्याला मोकळेपणानं उडवता येईल, एवढ्याच प्रश्नाभोवती हे पान आहे. उदाहरणं जळगाव, धुळे, नंदुरबारकडची घेतली आहेत, कारण इथला उन्हाळा, इथली आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि इथली लग्नसराई धरल्याशिवाय इथल्या घराचा हिशोब जुळत नाही. आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी आपले घालावेत.

हातखर्च म्हणजे नेमकं काय धरायचं?

जो पैसा कशावर गेला हे घरात कुणालाही सांगावं लागत नाही, तो हातखर्च. टपरीवरचा चहा, मित्रांबरोबरची कॉन्ट्री, पार्लर, सिनेमा, ऑनलाइन दिसली म्हणून घेतलेली कुर्ती, सगळं त्यात आलं. औषधं, मुलांच्या वह्या, दूध त्यात येत नाही. पेट्रोलवरून हमखास वाद होतो. एमआयडीसीत कामाला जाण्याचं पेट्रोल घरखर्चात धरा. रविवारी पाटणादेवीला मारलेली चक्कर हातखर्चातून करा.

बिलं आणि बचत वजा केली की उरलं ते सगळं हातखर्चाचंच ना?

इथंच बहुतेकांचा आकडा चुकतो. जळगावात भाड्यानं राहणारं चौघांचं घर धरू. हातात येणारा पगार ३२,००० रुपये. त्यातून भाडं ७,५००, किराणा आणि गॅस ७,०००, दूध १,८००, लाइट बिल १,२००, मोबाइल आणि नेट ९००, शाळेची फी आणि व्हॅन ३,०००, गाडीचा हप्ता २,६००, कामाचं पेट्रोल १,५००. बेरीज २५,५००. बचतीत आरडीचे २,००० आणि विम्याच्या हप्त्यासाठी दरमहा बाजूला काढलेले ८०० घातले की २८,३०० होतात. म्हणजे उरले ३,७००.

नवरा-बायको हे ३,७०० वाटून घेतात आणि चार महिने मजेत जातात. मग जून उजाडतो, दोन मुलांचे गणवेश, दप्तरं, वह्या येतात. त्याआधी आखाजीला नणंद माहेरी आलेली असते, मे महिन्यात पाच लग्नं झालेली असतात. पैसे आरडी मोडून किंवा उसने घेऊन उभे राहतात आणि घरात म्हटलं जातं, “काय करणार, अचानक खर्च आला.” जून दरवर्षी येतो. त्यात अचानक काही नाही.

म्हणून ३,७०० मधून आधी वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांचा वाटा काढायचा. या घरासाठी तो असा निघेल: आखाजी ४,०००, कानबाईचा श्रावणातला उत्सव २,०००, लग्नांचा आहेर आणि जाण्यायेण्याचं भाडं ५,०००, जूनची शाळेची खरेदी ४,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ३,०००. एकूण १८,०००, म्हणजे महिन्याला १,५००. दिवाळी बोनसवर निघते असं धरलं आहे. बोनस मिळत नसेल तर दिवाळीही या यादीत घाला.

आता उरले २,२००. नवऱ्याला ९००, बायकोला ९००, आणि ४०० चौघांनी मिळून बाहेर खाण्याचे. आकडा लहान दिसतो, मान्य आहे. पण हे ९०० खर्चताना जूनची धास्ती नसते.

५०-३०-२० चा नियम आपल्याकडे चालतो का?

अर्ध्या पगारात गरजा, ३० टक्क्यांत हौस, २० टक्के बचत, असा तो नियम. वरच्या घराला लावून पाहा. ३२,००० च्या अर्धे १६,०००. भाडं, किराणा आणि दूध यांतच ते संपले, लाइट बिल बाहेर राहिलं. ३० टक्के हौस म्हणजे ९,६००, हे ऐकून त्या घरातले हसतील. ज्याचं स्वतःचं घर आहे आणि दोघं कमावतात, त्याला हा नियम थोडाफार बसतो. बाकीच्यांनी टक्केवारी सोडून द्यावी आणि वजाबाकी करावी. बचतीचा आकडा मात्र त्या नियमासारखाच आधी काढावा, शेवटी उरेल तो बचतीत टाकू म्हटलं की काही उरत नाही.

आखाजी, कानबाई, यात्रा, लग्नं यांचा आकडा आधीच कसा कळणार?

गेल्या वर्षीचा आठवा, त्यात थोडी भर घाला. नेमका आकडा नकोच आहे, १८,००० च्या ऐवजी २०,००० लागले तरी फार बिघडत नाही. शून्य धरलं तर मात्र बिघडतं.

आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, म्हणजे साड्या आल्या, आंबे आले, मुलांच्या हातावर ठेवायचे पैसे आले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि रोटांच्या (कानबाईच्या नैवेद्याच्या) निमित्तानं पुण्या-सुरतेला गेलेली भाऊबंदकी गावी जमते. वर्गणी असते, गाडीभाडं असतं, चार दिवसांचं घरातलं खाणंपिणं असतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, कुणाची कुलदेवी, कुणाचा नवस. प्रत्येक घराची यादी निराळी, पण ज्याच्या त्याच्या घरी ती दरवर्षी तीच.

लग्नाच्या आहेराबद्दल एक सुचवतो. पत्रिका येईल तेव्हा ठरवू म्हटलं की समोरच्याची पत पाहून आकडा चढतो. त्यापेक्षा घरात एकदाच ठरवून टाका: ओळखीच्यांकडे इतके, नात्यात इतके, सख्ख्यांकडे इतके. आहेराची वही बहुतेक घरांत असतेच. कुणी आपल्याकडे किती केला होता ते पाहून आपण त्याच्याकडे करतो, मग पुढच्या वर्षाचा अंदाज त्याच वहीवरून बांधायला काय हरकत आहे?

हे पैसे रोजच्या खात्यात पडू देऊ नका. पोस्टाची आरडी १०० रुपयांपासून निघते, पण ती पाच वर्षांची असते, म्हणून या कामाला सोयीची नाही. बँकेत एक वर्षाची आरडी काढा आणि ती आखाजीच्या आधी संपेल अशी सुरुवात धरा. तेही नको असेल तर दुसरं बचत खातं पुरे.

एप्रिल-मेमध्ये लाइट बिलच हातखर्च खाऊन टाकतं. काय करावं?

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कूलर बंद ठेवून पैसे वाचवा असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. हिशोब समजून घ्या. २०० वॅटचा कूलर १५ तास चालला तर दिवसाला ३ युनिट, महिन्याला ९० युनिट. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्यानं चढतात: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, त्यापुढं आणखी चढा. हिवाळ्यात ९० युनिट वापरणारं घर उन्हाळ्यात १८० वर जातं आणि वरची बहुतेक युनिटं महागड्या टप्प्यात पडतात. म्हणून वापर दुप्पट होतो, बिल दुपटीच्या पुढे जातं. (१०० ओलांडले की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो, हा समज चुकीचा आहे. चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो.)

बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांच्या बिलांची बेरीज करून १२ नं भागा आणि तीच रक्कम दरमहा लाइट बिलाची म्हणून धरा. वरच्या घराचे १,२०० असेच आले आहेत. डिसेंबरात ७०० चं बिल आलं तर उरलेले ५०० हातखर्चाचे नाहीत, मे महिन्याचे आहेत.

आकडा ठरवतो, पण दहा तारखेलाच संपतो.

महिन्याचा आकडा आठवड्यावर आणा. ९०० असतील तर आठवड्याला २००, उरलेले १०० वरच्या दोन-तीन दिवसांसाठी. आणि आठवडा बाजाराच्या दिवसापासून मोजा, सोमवारपासून नको. चोपडा, यावल, शहाद्याकडच्या गावांत लोकांचं डोकं आठवडे बाजारावर चालतं, भाजी त्या दिवशी, उधारी त्या दिवशी. हातखर्चही त्याच दिवशी हातात घेतला की वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही.

दोनशे रुपये बुधवारीच संपले तर? तर पुढच्या बाजारापर्यंत थांबायचं. चार दिवसांची कळ सोसता येते, वीस दिवसांची सोसवत नाही. महिन्याचे पैसे एकदम घेणारा माणूस म्हणूनच दहा तारखेनंतर उसनं मागतो.

रोजचा खर्च लिहून ठेवायचा का?

घरखर्च लिहा. हातखर्च लिहू नका. जो लिहावा लागतो त्याचा जाब द्यावा लागतो, निदान स्वतःला तरी, आणि मग त्याची मजा जाते. त्याला मर्यादा पुरे. सुरुवातीला आकडाच ठरवायचा असेल तर एखादा महिना लिहा आणि वही बंद करा.

फोननं पैसे देताना किती गेले ते कळतच नाही.

“पैसा हातमा टिकत नही” असं आधीही म्हणत होतेच, पण तेव्हा निदान पाकीट रिकामं दिसायचं. आता दहा रुपयांच्या चहालाही स्कॅन, आणि पगाराच्या खात्यातच घरभाडं, हप्ता, हातखर्च सगळं एकत्र. खात्यात १९,००० दिसतात तेव्हा २०० चा पिझ्झा स्वस्तच वाटतो.

उपाय तीन आहेत, यातला कुठलाही एक धरा. पहिला यूपीआय लाइटचा, म्हणजे ॲपमध्येच थोडे पैसे वेगळे काढून ठेवण्याचा. तुमच्या ॲपमध्ये ही सोय बहुधा आहेच. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात, एका वेळी १,००० पर्यंतचे व्यवहार पिन न टाकता होतात, आणि बँकेच्या पासबुकात फक्त भरलेल्या रकमेची एकच नोंद पडते. बाजाराच्या दिवशी त्यात २०० टाकायचे, संपले की संपले. एक सावधगिरी: कमी पडले की खात्यातून आपोआप भरण्याची सोय सुरू असेल तर ती आधी बंद करा, नाहीतर सगळा उद्योग वाया. पिन लागत नाही म्हणून फोनला कुलूप हवंच.

दुसरा उपाय वेगळ्या खात्याचा. किमान शिल्लक न लागणारं बेसिक बचत खातं कुठल्याही बँकेत मागता येतं. फक्त त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असेल तर ते मिळत नाही, म्हणून दुसरी बँक गाठा. यूपीआयला हेच खातं जोडा आणि पगाराचं खातं ॲपमधून काढून टाका.

तिसरा, रोख. जुना आहे, पण ज्यांचा हात फोनवर फार सैल आहे त्यांना मी हाच सांगतो. दोनशेची नोट मोडताना माणूस एकदा तरी थबकतो.

मी घर सांभाळते, कमावत नाही. नवरा घरखर्चाला पैसे देतो, त्यातून वाचतील ते माझे. हे बरोबर आहे का?

नाही. आणि हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो, पण नवऱ्यासमोर क्वचितच विचारला जातो.

या पद्धतीत तुमचा हातखर्च म्हणजे तुम्ही किराण्यात केलेली काटकसर. तेल महागलं की तुमचा हातखर्च कमी. मुलं आजारी पडली की शून्य. नवऱ्याच्या चहा-पानाला मात्र तेलाच्या भावाशी काही देणंघेणं नाही. शिवाय वाचवलेले पैसे डाळीच्या डब्यात जातात, कारण ते आहेत हे सांगितलं तर पुढच्या महिन्यात घरखर्चच कमी मिळेल अशी भीती असते. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या तेव्हा घरोघरचे असे डबे उघडे पडले. कित्येक बायकांना आपली वर्षांची गाठ नवऱ्याच्या हाती देऊन बँकेत बदलून आणावी लागली, आणि त्यातली किती परत डब्यात आली हे त्याच सांगतील.

घरखर्च आणि हातखर्च या दोन रकमा वेगळ्या द्यायला सांगा. दोघांचा हातखर्च सारखा असावा, तो कमावतो म्हणून त्याला जास्त असं नको. वरच्या उदाहरणात ९००-९०० मुद्दाम घातले आहेत. आणि तो हातावर न ठेवता तुमच्या खात्यावर पाठवायला सांगा. हातावरचे पैसे मुलांच्या खाऊत आणि दारावरच्या भाजीवाल्याकडे जातात.

“मग हिशोब कोण देणार?” असं सासूबाई विचारतील. घरखर्चाचा हिशोब द्या, पै-पैचा द्या. हातखर्चाचा कुणीच द्यायचा नाही, नवऱ्यानंही नाही. एकत्र कुटुंबात सासऱ्यांच्या हाती व्यवहार असतो तिथं हे बोलणं सोपं नसतं. तिथं नवऱ्यानं आपल्या वडिलांशी बोलावं, सुनेनं बोलू नये, असा माझा अनुभवाचा सल्ला. रक्कम तीनशे ठरली तरी चालेल, पण ती ठरलेली असावी आणि मागावी लागू नये.

लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये घरखर्चात धरायचे का?

जुलै २०२४ पासूनचे हे पैसे बाईच्या नावावर येतात, तेव्हा ते तिचेच. घरखर्चात घालायचे की नाही हे तिनं ठरवावं. “तुला सरकार देतंय ना” म्हणून घरातून मिळणारा हातखर्च बंद करणं हा शुद्ध चोरटेपणा. त्या रकमेच्या भरवशावर कुठलाही हप्ता मात्र सुरू करू नये. योजनेचे निकष बदलू शकतात, हप्ता बदलत नाही.

दोघं कमावतो, पगार वेगवेगळे. हातखर्च पगाराच्या प्रमाणात की सारखा?

सारखा. प्रमाण लावायचं तर ते घरखर्चातल्या वाट्याला लावा.

आम्हाला पगार नाही, शेती आहे. महिन्याचा हातखर्च कसा ठरवायचा?

स्वतःला पगार द्यायचा, दुसरा मार्ग मला दिसत नाही.

कापसाचं धरू. वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास सुरू होते, भावाची वाट पाहत माल घरात राहतो आणि फेब्रुवारीपर्यंत तुकड्यातुकड्यानं विकला जातो. समजा सगळे मिळून १,८०,००० आले. पीककर्जाचे ७०,००० बाजूला. येत्या खरिपाचं बियाणं, खत, मजुरी यांचे ५०,००० बाजूला. उरले ६०,०००. पुढच्या कापसाचे पैसे नोव्हेंबरात येतील म्हणजे नऊ महिने काढायचे, पण दहानं भागा, कारण पाऊस लांबला तर कापूसही लांबतो. महिन्याला ६,००० झाले. हे ६०,००० एका खात्यात ठेवा आणि दर एक तारखेला तिथून घरच्या खात्यावर ६,००० घ्या. त्यातलेच ४००-५०० हातखर्चाचे. हात आखडता वाटेल. पण कापूस विकला त्या आठवड्यात नवा मोबाइल आणि ऑगस्टात दुकानदाराकडं खतासाठी उधारी, हे चक्र त्याशिवाय थांबत नाही. उधारीवरचं व्याज कुठं लिहिलेलं नसतं, ते खताच्या भावात चढवलेलं असतं.

केळीवाल्यांचं थोडं निराळं. मृग बाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) आणि कांदे बाग (पावसाळ्यानंतर लावलेली) दोन्ही असतील तर वर्षातून दोनदा पैसा हातात येतो, कटाईही एकदम न होता टप्प्यानं होते. पण रावेर-यावलकडच्या माणसाला सांगायला नको की मे-जूनच्या एका वादळात उभी बाग आडवी होते आणि भाव तर रोज हलतो. म्हणून बागेच्या पहिल्या कटाईवर घराचे सहा महिने आधी बाजूला काढा, मग बाकीचे बेत.

घरी म्हैस असेल तर दुधाचं बिल दर दहा दिवसांनी मिळतं. घरखर्च आणि हातखर्च शक्यतो या बिलावर चालवा, कापूस-केळीचा पैसा मोठ्या कामांना राहू द्या. पीएम किसानचे वर्षाला ६,०००, दोन-दोन हजारांनी येणारे, ते आखाजी-कानबाईच्या खात्यात टाकले तर त्या दोन सणांना हात पसरावा लागत नाही.

सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, सालच आखाजी ते आखाजी असतं आणि उचल आधी घेतलेली असते. त्याच्यासाठी वर्षाच्या हिशोबाला अर्थ तेव्हाच, जेव्हा मालक ठरलेल्या रकमेतून दरमहा काही हातात देतो. साल ठरवतानाच तसं बोलून घ्यावं.

हिवाळ्यात दर आठवड्याला भरीत पार्टी. नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मळ्यात जाऊन तुराट्यांवर वांगी भाजायची नाहीत तर खान्देशात राहून करायचं काय? जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, ते काय फक्त मिरवायला! फक्त हिवाळ्याच्या चार महिन्यांचा हातखर्च उन्हाळ्यापेक्षा थोडा जास्त ठेवा, मे महिन्यात तसंही संध्याकाळशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही.

खर्च पार्टीनं वाढत नाही, पार्टीच्या हिशोबानं वाढतो. एक जण सगळं भरतो, “नंतर पाहू” म्हणतो आणि महिनाभर त्याचेच पैसे अडकतात. भरीत, पुऱ्या, कळण्याची भाकरी, ठेचा यांचे पैसे जायच्या आधी जमा करा. जो नेहमी भरतो तो बहुधा सगळ्यात भिडस्त असतो, त्याच्या पाठीशी कुणीतरी उभं राहा.

मित्राला उसने दिले तर ते हातखर्चातून धरायचे?

हो, आणि गेले असं समजून द्यायचे. हातखर्चापेक्षा जास्त मागत असेल तर घरात विचारून सांगतो म्हणा, हे कारण कुणालाही पटतं.

मुलगा पुण्याला शिकायला आहे. किती पाठवायचे?

खोली, मेस आणि फी तुम्ही थेट भरा. जे त्याच्या हाती द्यायचं ते आठवड्यानं पाठवा आणि त्याचा हिशोब मागू नका, जसा तुमचा कुणी मागत नाही. यूपीआय सर्कल नावाची सोय आहे, तिच्यात तुमच्या खात्यातून त्याला महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत ठरवून दिलेल्या मर्यादेत खर्च करता येतो. अडीनडीला ती बरी. रोजच्या चहाला नको, कारण प्रत्येक व्यवहार तुमच्या फोनवर दिसतो आणि मग रात्री साडेअकराला “कुठे आहेस?” असा फोन जातो.

भिशी हातखर्चातून भरायची का?

दहा जणींनी ५०० टाकायचे, दर महिन्याला एकीला ५,००० मिळायचे. ही बचत आहे, तेव्हा बचतीत मोजा. भिशीच्या दिवशीचा नाश्ता आणि नवी साडी हातखर्चातून. घरगुती भिशीवर व्याज मिळत नाही, तरी ती चालते कारण मैत्रिणींच्या लाजेनं हप्ता चुकत नाही, आणि ते काही थोडं नाही. ओळखीच्या बायकांत, लहान रकमेची असेल तर खुशाल करा. बोली लावून चालणाऱ्या मोठ्या भिशीपासून लांब राहा. १९८२ च्या चिट फंड कायद्यानुसार असल्या भिशीला नोंदणी लागते, आणि नोंदणी नसताना चालवणारा पळाला तर तुमच्या हातात कागद नसतो.

याच ओघात पतसंस्थांचं. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. जळगाव जिल्ह्यात पैसे अडकलेला एक तरी माणूस प्रत्येक गल्लीत भेटेल, त्यामुळं जास्त लिहीत नाही. अर्धा टक्का जादा व्याजासाठी जूनच्या गणवेशाचे पैसे तिथं ठेवू नका.

जळगावात राहून सोनं नको का? हातखर्चातून ११ महिन्यांची सोन्याची योजना भरते.

भरा, पण ती खरेदी आहे हे लक्षात ठेवून. आगाऊ घेतलेले पैसे ३६५ दिवसांच्या पुढे ठेवले तर कायद्यानं ती ठेव ठरते, म्हणून या योजना ११ महिन्यांच्या असतात. शेवटी पैसे परत मिळत नाहीत, दागिनाच घ्यावा लागतो, आणि मजुरी किती लागेल हे पहिल्याच दिवशी विचारून लिहून घ्यावं.

फोन घेतला, हप्ता १,१०० चा. तो कुठं लिहायचा?

जुना फोन बंद पडला म्हणून साधा घेतला असेल तर घरखर्चात. चालणारा फोन टाकून घेतला असेल तर तुमच्या हातखर्चात. आणि तुमचा हातखर्च ९०० असेल तर १,१०० चा हप्ता तुम्हाला परवडत नव्हता.

बिनव्याजी हप्ता म्हणतात त्यात व्याज बहुधा किमतीतल्या सवलतीनं फेडलेलं असतं, क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि वर प्रोसेसिंग फी, ते दुकानदार सांगत नाही. क्रेडिट कार्डाच्या थकलेल्या बिलाचं तर आणखी वाईट. “किमान देय रक्कम” भरली की सुटलो असं वाटतं, पण उरलेल्यावर महिन्याला साधारण ३ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के व्याज चढतं, आणि नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. गावातला सावकार यापेक्षा फार वेगळा नव्हता. हातखर्चाला क्रेडिट कार्ड वापरायचंच असेल तर त्याची मर्यादा बँकेला सांगून उतरवून घ्या.

फेब्रुवारीत पगार १०० रुपयांनी कमी कसा येतो?

महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा २००, फेब्रुवारीत ३०० कापला जातो. वर्षाचे २,५०० पुरे करण्यासाठी. तो महिना २८ दिवसांचाच असल्यानं हातखर्च तेवढा ओढून न्यावा.

महिनाअखेर हातखर्चातले पैसे उरले तर?

तुमचेच राहतात. “उरले ना, मग पुढच्या महिन्यात कमी घे” असं घरात म्हटलं गेलं की पुढच्या महिन्यापासून कुणाचेच पैसे उरणार नाहीत. साठवून सहा महिन्यांनी चांगले बूट घ्या नाहीतर मैत्रिणींबरोबर तोरणमाळला जा.

आमची वजाबाकी शून्यावर येते. कधी उणे. मग हातखर्च कसला?

आधी वजाबाकी पुन्हा करा, पण या वेळी घरखर्चात लपलेला हातखर्च शोधा. किराण्याच्या बिलातली थंड पेयं, पेट्रोलमधल्या फेऱ्या, मुलांच्या नावावरचे ओटीटीचे पैसे. बहुतेक घरांत तीनचारशे निघतात. म्हणजे हातखर्च होतच होता, फक्त तो कुणा एकाचा होता.

तरीही शून्य असेल तर बचतीकडे बघा. मी सहसा बचतीला हात लावू देत नाही, पण दोन हजारांच्या आरडीतले दोनशे कमी करून दोघांना शंभर-शंभर देणं चालेल. ज्या घरात कुणालाच मोकळा रुपया नाही तिथली आरडी पाचव्या-सहाव्या महिन्यात मोडते, तेव्हा अठराशेची टिकणारी आरडी बरी. आणि हप्ते पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे गेले असतील तर हातखर्चाच्या आकड्याशी खेळून काही होणार नाही. त्यातला सगळ्यात चढ्या व्याजाचा हप्ता आधी फेडायचा. बोनस, कापसाचे पैसे, जे काही एकरकमी येईल ते तिकडं घाला, आणि तो हप्ता संपला त्या महिन्यापासून त्यातले निदान दोनशे दोघांच्या हातखर्चात वळवा, बाकीचे पुढच्या हप्त्याकडं.